मिठाची मूठ

गरम पाण्यातून काढलेली पांढरी जाळी टेक्निशियननं विठाबाईंच्या चेहऱ्यावर दाबून बसवली. गेल्या वर्षी किरणांचे शेक देताना डोकं हलू नये म्हणून केलेला मुखवटा संयोगितानं जपून ठेवला होता, आज पिशवीत घालून आणलाही होता. पण औषधांनी सासूचा चेहरा सुजलेला, जुना मुखवटा गालांवरच अडला. आता नवा. जाळी थंड होऊन घट्ट बसेपर्यंत विठाबाई हलल्या नाहीत. फक्त पदराचं टोक बोटांनी चुरत राहिल्या.

डॉक्टरांनी संयोगिताला बाहेर बोलावून सांगितलं होतं. मेंदूतल्या गाठी पुन्हा वाढल्यात. दुसऱ्यांदा किरणांचे शेक दिले की डोकेदुखी, उलट्या कमी होतील, पण आठवण विरळ होऊ शकते. हे विठाबाईंना सांगायचं नाही, असं घरी ठरलं.

कळंब्याला घरी आल्यावर सून वही घेऊन सासूपुढं बसली.

"आत्याबाई, चटणीचं माप सांगा."

विठाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. वर्षाची चटणी चैत्रात होई. आता पौष चालला होता. आणि वीस वर्षांत सुनेनं माप कधी विचारलं नव्हतं.

त्या सांगू लागल्या. संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, खोबरं, तीळ, लसूण, कांदा कुठवर तांबूस करायचा. मधेच लग्नाच्या वर्षीचं उखळ आठवलं, सासू चिमणाबाईंचं मुसळ, तिखटानं शिंकणारी सगळी गल्ली. मिठापाशी थांबल्या.

"मीठ मुठीनं असतंय. ते सांगता येत न्हाय."

संयोगितानं 'मीठ' लिहून पुढं जागा मोकळी सोडली.

दुसऱ्या दिवशी पहिला शेक. रिक्षा दारात आली, तशा विठाबाई स्वयंपाकघरात वळल्या. बरणीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा उजवी मूठ मिटलेली होती.

"हात कर."

या घरात मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नसे. भांडण होतं, म्हणून वाटी खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हे विठाबाईंनीच शिकवलेलं.

"हातावर? भांडण होतंय म्हणता न्हवं तुम्ही?"

"होऊ दे की. भांडायला तरी ध्यानात राहशील."

खडेमीठ संयोगिताच्या तळहातावर पडलं.

"किलो मिरचीला अशा चार," विठाबाई म्हणाल्या आणि कुणाचा आधार न घेता रिक्षात जाऊन बसल्या.

दवाखाना येईपर्यंत संयोगितानं मूठ उघडली नाही.