तात्यांच्या बैठका आणि माझा आकडा

मी रक्तातलं आम्ल मोजणारं यंत्र. मोबाईलएवढा जीव, पण धीर म्हणून नाही! थेंब पडला की पंधरा सेकंदांत आकडा सांगून मोकळं. कुठल्या कारखान्यात जन्मलं ते आठवत नाही. शुद्धीवर आलं ते सांगलीत, डॉक्टर क्षमाच्या टेबलावर. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळीनं अंगात आम्ल साचतं का, यावर तिचं संशोधन चाललंय.

तासगावचे तात्या तिचे लाडके पेशंट. माजी सैनिक, हार्ट अटॅकमधून उठलेले. गोळी सुरू झाली आणि छातीतली धडधड निवली, झोप लागायला लागली.

त्या दिवशी क्षमा फाईल आणायला गेली. तात्यांनी दार लोटलं, चपला कोपऱ्यात काढल्या, टोपी खुर्चीवर ठेवली आणि सुरू! एक, दोन, तीन... बैठका! अहो, कसरतीनंही हे आम्ल चढतं, म्हणून रक्त देण्याआधी अर्धा तास शांत बसायचं, असा नियम होता. मी टेबलावर नुसतं तडफडतंय. ओरडणार कसं?

क्षमा आली तोवर गडी श्वास दाबून खुर्चीत.

"कसं वाटतंय, तात्या?"

"लय झ्याक!"

नाडीही संथ. गोळीनं आवरलेली नाडी चुगली कशाला करेल? थेंब पडला. दोनच्या आत हवा तो आकडा नऊ!

क्षमाचा चेहरा उतरला. "तात्या, गोळी बहुतेक बंद करावी लागेल."

गोळी गेली की ती धडधड परत, कदाचित त्याहून वाईट. आणि हे सगळं माझ्या खऱ्या आकड्यापायी!

तेवढ्यात तात्यांच्या पत्नी, विजयमालाकाकू, डबा घेऊन आल्या. घरी बैठकांआधी काढतात तशा कोपऱ्यात काढलेल्या चपला बघितल्या आणि कपाळावर हात मारला. "आवं, हितंबी बैठका मारल्या व्हय?"

तात्यांची मान खाली. "नापास झालो तर पोरं द्राक्षबागेत पाय ठिऊ द्यायची न्हाईत. म्हटलं, जरा अंग तापवून रगतात रग दाखवावी." मला त्यांचा राग येत होता, तो तिथंच विरला.

क्षमानं त्यांना तासभर बसवलं. काकूंचा हात त्यांच्या गुडघ्यावर, न जाणो उठले तर! पुन्हा थेंब. दीड.

"पास?" तात्यांनी विचारलं.

"पास. गोळी चालू, बागेत फिरणंही चालू."

आता माझं बटण अडतंय, लवकरच नवं यंत्र येईल म्हणतात. जाता जाता एवढंच मागणं आहे. आकडा चढला की आधी माणसाला विचारा, आत्ता काय करत होतास रं बाबा? मी सगळं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.