पारय म्हणा, सब्बल म्हणा

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका! भांडुपच्या टेकडीवरची आमची चाळ मी फोडलेल्या खडकावर उभी आहे.

साकीनाक्याच्या एका लोहाराने ट्रकच्या जुन्या ॲक्सलपासून मला घडवलं. माझा मालक काशीराम मालवणचा, तो मला 'पारय' म्हणतो. शेजारचा अंबादास अकोल्याचा, तो 'सब्बल' म्हणतो. मी दोघांनाही ओ देते.

पुढे अंबादासने खडक फोडायचं ब्रेकर मशीन घेतलं. "काका, ही म्हातारी आता भंगारात द्या ना!" असं तो येता-जाता चिडवायचा. मी पाण्याच्या पिंपामागे गंजत पडले. फार वाईट वाटायचं हो. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, काशीरामची बायको वनमाला मला घासूनपुसून हळदकुंकू लावायची. त्या दिवशी मात्र पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, असा काशीरामचा कडक नियम.

आणि यंदा नेमक्या खंडेनवमीलाच गटारावरची लादी खचली! अंबादासच्या आईचा, सोनूबाईचा, पाय तिच्याखाली अडकला. अंबादास ब्रेकर घेऊन धावत आला आणि जागीच थबकला. लादी फोडायला गेलं तर आईच्या पायाची वाट लागणार. चौघांनी हातांनी जोर लावला, पण लादी तसूभर हलेना. सोनूबाई कळवळत होती.

"काका, तुमची सब्बल द्या!" अंबादास रडवेला झाला.

काशीराम घुटमळला. "अरे, पण आज पुजलेली आसा ती..."

"अहो, पूजा कशासाठी करतो? कामाला येते म्हणूनच ना!" वनमालाने माझ्यावरची झेंडूची माळ काढली आणि मला त्याच्या हातात दिलं.

काशीरामने माझं टोक लादीखाली सारलं आणि जवळच टेकण म्हणून दगड ठेवला. मग तो आणि अंबादास दोघं मिळून माझ्या दुसऱ्या टोकावर रेलले. अंगभर कळ गेली, पण मी वाकले नाही! लादी उचलली गेली. वनमालाने सोनूबाईला ओढून बाहेर काढलं. पाय सुजला होता, हाड मात्र शाबूत होतं. "झकास!" अख्खी चाळ ओरडली. त्या क्षणी मला वाटलं, आपल्यासारखं भाग्यवान कोणी नाही.

आता अंबादास स्वतः मला तेल लावतो आणि ब्रेकरशेजारी उभी करतो. मित्रांनो, तुमच्याही घरात पिंपामागे कोणी पडलं असेल, त्याला जरा तेलाचा हात लावा.

सोनूबाई येता-जाता मला कुरवाळते. "माझी सब्बल गं ती!"

"पारय म्हणा, सोनूबाय, पारय!" काशीराम आतून ओरडतो.

काय म्हणायचं ते म्हणा रे, मी आहे!