तळ्यात मासे किती?

मित्रांनो, मी एक जुने अंदाजयंत्र आहे. मला चाक नाही, पाते नाही, तेलपाणीही लागत नाही. तळ्याकाठच्या मत्स्यकेंद्रात, खिडकीजवळच्या संगणकात मी राहते. थरांवर थर रचलेले लाखभर आकडे, एवढाच माझा देह. या प्रकाराला डीप लर्निंग म्हणतात. नाव भारी असले तरी माझे काम एकच: तळ्यात मासे किती, ते सगळे न मोजता सांगायचे.

मला घडवले केंद्रातल्या ताईंनी. तळे उपसून मासे मोजता येत नाहीत. म्हणून दोनशे मासे धरायचे, त्यांच्या पराला पिवळी चकती लावून सोडून द्यायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा दोनशे धरायचे आणि त्यांत चकतीवाले किती निघाले, यावरून एकूण मासे ताडायचे. पण काही मासे मरतात, काहींची चकती गळते, काही शहाणे पुन्हा जाळ्याकडे फिरकतच नाहीत. सूत्र लांबतच जाते. म्हणून ताईंनी संगणकात खोटी तळी रचली. प्रत्येकात मासे किती, ते त्यांना ठाऊक. मला फक्त जाळ्यात आलेले दाखवायचे आणि विचारायचे, "सांग, किती?" चुकले की माझे आकडे कणभर सरकवायचे. अशी दोन लाख तळी मी पाहिली. खरे एकही नाही.

चार वर्षे माझे फार कौतुक झाले. साहेब पाहुण्यांना आणून माझ्यापुढे उभे करत.

पाचव्या वर्षी मी उत्तर दिले, एकवीसशे. दीड हजारांच्या खाली मासे गेले तर वर्षभर जाळी बंद, असा नियम होता. म्हणजे जाळी चालू. ताई परवान्यावर शिक्का उमटवणार, तोच जाळीवाले काका सुनेबरोबर आत आले. केंद्रासाठी मासे तेच धरून देत, आणि त्यांचे घरही त्याच तळ्यावर चाले.

"किती म्हणालीस, पोरी? एकवीसशे?" काका हसले. "तुझ्या यंत्राला एकदा जाळं ओढायला लाव. हाताला वजनच नव्हतं."

"काका, चार वर्षांत ते चुकलेलं नाही."

"नसेल. पण दोनशेत तुझ्या चकतीचे त्रेचाळीस निघाले. म्हणजे पाचात एक. तू सोडलेस दोनशे. मग सगळे मिळून हजार झाले. का माझीच शाळा कमी पडली?"

सुनेने त्यांची बाही ओढली. "बाबा, गप्प बसा ना! आपल्याच पोटावर पाय देताय. वर्षभर खायचं काय?"

"आणि तळं साफ झाल्यावर काय खाशील?" काका म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

ताईंनी शिक्का बाजूला ठेवला. एकवीसशे माशांची हजार खोटी तळी रचून पाहिली. त्यांत चकतीवाले वीसच्या आसपास निघत; त्रेचाळीस एकदाही नाहीत. मग त्यांनी जुनी वही उघडली. पूर्वी कधीच मासे तीन हजारांखाली गेले नव्हते, म्हणून थोडी सूट धरून माझी सगळी तळी दोन हजारांपासून पुढची रचली होती. हजार माशांचे तळे मला कधी भेटलेच नव्हते. आणि 'मला माहीत नाही' असे म्हणायला मी शिकले नव्हते.

"चूक त्याची नाही, माझी," ताई हळूच म्हणाल्या.

त्यांनी मला शंभर माशांच्या तळ्यापासून पुन्हा शिकवले. एका आकड्याऐवजी 'इतके ते इतके' असे सांगायलाही शिकवले. मी म्हणाले, आठशे ते बाराशे. जाळी बंद झाली. काका वर्षभर दुसऱ्यांच्या होड्यांना डांबर लावत राहिले. सून खिडकीवरून जाई, पण आत पाहत नसे.

पुढच्या वर्षी नव्या दोनशे चकत्या लावल्या; पुन्हा धरलेल्या दोनशेत त्यांतल्या अठराच आल्या. काकांनी बोटांवर हिशेब मांडला. "अकरात एक. बावीसशे!"

"बाबा, यंत्राला तरी बोलू द्या!" सून म्हणाली. त्या वर्षात ती पहिल्यांदाच हसली.

मी म्हणाले, पंधराशे ते तीन हजार. ताईंनी परवान्यावर शिक्का मारला.

आता शेजारी नवे यंत्र आले आहे. मला वर्षातून एकदाच उघडतात. कधी तेही विसरतात. त्याचे वाईट वाटत नाही. एवढेच सांगते, मित्रांनो: यंत्र झटकन उत्तर देईल, तेव्हा त्याला विचारा, तू आजवर काय काय पाहिलेस? आणि ज्याने जाळे ओढले, त्याला विचारल्याशिवाय शिक्का मारू नका.