एक खांब जलद, एक खांब सावकाश

थोरली जाऊ चालायला लागली की रस्ताच बाजूला होतो, असं घरात म्हणायचे. लग्न होऊन आल्या दिवसापासून धाकटीने चालताना तिची पाठच पाहिली होती. बाजारात जायचं असो की बँकेत, थोरली पुढे सुटायची आणि धाकटी मागून धापा टाकत ओरडायची, "अहो ताई, थांबा जरा! कुठे आग लागलीय का?" घरात थोरलीला सगळे इंजिन म्हणत आणि धाकटीला डबा. आता वर्षानुवर्षं डबा म्हणवून घ्यायचं म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरणारच की!

म्हणून थोरलीने शहराच्या मॅरेथॉनमध्ये दोघींची नावं घातली, तेव्हा धाकटीने मनाशी ठरवून टाकलं की या वेळी इंजिनाला मागे टाकायचंच. धावायची सक्ती नव्हती, सगळं अंतर चालत गेलं तरी चालणार होतं. अट एवढीच की रस्ते वाहनांना मोकळे व्हायच्या आत पोचायचं. जे मागे राहतील त्यांना शेवटची बस उचलून आणणार. "चला, डब्याची परतीची सोय झाली," असं धाकटीचा नवरा म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला चहा बिनसाखरेचा मिळाला.

सराव घ्यायला कवायतीचे निवृत्त मास्तर होते. तलावाभोवतीच्या रस्त्यावर ओळीने दिव्याचे खांब होते, तिथे ते रोज सकाळी शिट्टी घेऊन उभे राहायचे. "लांब टांगा टाकू नका, छोटी पावलं भरभर टाका. कोपर वाकवा, हात मागे झोकून द्या, पाय आपोआप येतात. एक खांब जलद, एक खांब सावकाश!" पहिल्या दिवशी त्यांनी घड्याळ लावून दोघींना एकेक फेरी मारायला लावली. थोरली पोचून, पाणी पिऊन, गप्पा मारायला लागली तरी धाकटी अजून पलीकडच्या वळणावरच होती.

पण महिन्याभरात धाकटीने तिला गाठलं. मग तिच्या बरोबरीने चालायला लागली, आणि एके दिवशी चक्क पुढे गेली! बाईला आभाळ ठेंगणं झालं. त्यानंतर तिच्या जिभेला हाड म्हणून राहिलं नाही. पुढे जायचं, वळून उभं राहायचं आणि कमरेवर हात ठेवून विचारायचं, "काय इंजिन, कोळसा संपला का?" थोरलीचा उजवा हात जाकिटाच्या खिशात असायचा. "ताई, खिशात हिरे लपवलेत की काय? मास्तर ओरडतायत, हलवा की हात!"

थोरली हसायची. "बूट चावतोय गं. तू हो पुढे."

दोघींचा पडदे शिवायचा धंदा होता, घराच्याच खालच्या खोलीत. तिथली मोठी कात्री थोरली कुणाला हात लावू द्यायची नाही. तीच कात्री तिने एक दिवस धाकटीपुढे सरकवली. "आता कापायचं तू बघ. कधीतरी शिकायला हवंच." धाकटीला वाटलं, चालण्यात जिंकले तशी इथेही बढती मिळाली. कौतुकावर शंका घ्यायला कुणाला सुचतं?

दुसऱ्यांदा वेळ मोजायचा दिवस आला, तेव्हा थोरलीचं डोकं दुखत होतं. धाकटी एकटीच गेली आणि जीव खाऊन चालली. फेरी संपल्यावर मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"बरं आहे. थोडी सुधारणा आहे."

"थोडी?"

"अगदी थोडी. अजून पुष्कळ मेहनत हवी, नाहीतर बस गाठेल तुम्हाला."

"मास्तर, घड्याळ बिघडलंय तुमचं! अहो, मी ताईंना चार-चार खांब मागे टाकते रोज. त्या पहिल्या दिवशी किती पुढे होत्या, आठवतं ना?"

मास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तेच तर. तुमची चाल फारशी वाढलेली नाही. मग त्यांची का उतरली? हात हलवत नाहीत म्हणून मी ओरडायचो त्यांना. ओरडायला नको होतं. माझ्या भावाचा कंपवातही असाच सुरू झाला होता, चालताना आधी एक हात हलायचा थांबला. त्यांना डॉक्टरांकडे न्या."

भ्रमाचा भोपळा फुटला. धाकटी तिथेच बाकावर बसली. कोळसा, हिरे, आपलेच शब्द तिला आठवत गेले आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

घरी आली तर थोरली खालच्या खोलीत पडद्याचं कापड कापत होती. कात्री वेडीवाकडी गेली होती. धाकटीला पाहताच तिने कापड टेबलाखाली ढकललं.

"काय गं, किती वेळ लागला?"

"ताई, हात दाखवा."

"मी विचारलं काय, तू—"

"हात दाखवा म्हणते ना!"

थोरलीने हात टेबलावर ठेवला. अंगठा आपोआप हलत होता, थांबतच नव्हता.

"कधीपासून?"

"नावं घालायच्या आधीपासून. म्हटलं, चालून चालून अंग मोकळं होईल."

"आणि मी तुमची थट्टा करत होते! एका शब्दाने सांगता आलं नाही? मी काय परकी आहे?"

"तू केवढी खूश होतीस गं," थोरली म्हणाली. "कुठल्या तोंडाने सांगणार?"

धाकटी हमसून हमसून रडली. थोरलीने डाव्या हाताने तिची पाठ थोपटली. खरं तर हे उलट व्हायला हवं होतं.

"उद्याच डॉक्टरकडे," धाकटी नाक पुसत म्हणाली.

"मॅरेथॉन होऊ दे. आधी गेले तर चालणं बंद करतील."

"करू देत. उद्याच."

बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी थोरली म्हणाली, "ठीक आहे. पण आधी सकाळची फेरी, मग डॉक्टर. आणि माझ्यासाठी पाऊल आखडलंस तर याद राख. तुझी पाठ दिसते म्हणून माझा पाय उचलतो."

सकाळी धाकटी पुढे निघाली. मागून बूट घासल्याचा आवाज येत होता. सावकाश खांबाला ती सावकाश चालली. जलद खांब आला, तिथेही तिने हळूच वेग कमी केला. थोरलीने सपकन शेजारून पुढे जावं, आपण मागून धापा टाकत ओरडावं, एवढंच तिला हवं होतं. जन्मभर जिंकायची हौस, आणि आज हरायचं होतं तर तेही जमेना.

"जलदचा खांब आहे!" थोरली मागून ओरडली. "पाय उचल की, डब्या!"

धाकटीने बाहीने डोळे पुसले आणि पाय उचलला.