सहावं बोट

“मोजा, तुम्हीच मोजा!” खिडकीपलीकडच्या गृहस्थाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

पाणीपुरवठा खात्याचं नवं बोधचिन्ह त्यात होतं. निळा थेंब आणि तो झेलणारा हात. हाताला बोटं सहा.

“पाच बोटं पाणी सोडायला. सहावं कशाला, वरकमाईला?”

मागची रांग खिदळली. तक्रार खिडकीवर बसून माझी कातडी जाड झाली आहे. पण त्या आठवड्यात पाणी येत नाही अशी एकही तक्रार आली नाही, यावरून काय ते समजा. कोणी म्हणे चित्र यंत्राकडून काढून घेतलंय, कोणी म्हणे काढणाऱ्याला अंक येत नाहीत. एका आजोबांनी तर सहाव्या बोटाचा कर वेगळा लागणार का, असं अगदी गंभीरपणे विचारलं.

चित्र काढलं होतं आमच्या आरेखकाने. जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढणं हे त्याचं काम. रेघ केसभर सरकली तरी अख्खा कागद पुन्हा काढणार, म्हणून ऑफिसात सगळे त्याला मिलिमीटर म्हणतात. अशा माणसाने सहा बोटं काढावीत आणि साहेबांपासून शिपायापर्यंत एकाच्याही लक्षात येऊ नये! आमची सगळी डोकेफोड थेंबाचा निळा गडद हवा की फिका यावरच चालली होती.

साहेबांनी त्याला बोलावून झाडलं. “संध्याकाळपर्यंत पाच बोटं करून द्या. संगणकाची चूक झाली म्हणून सांगतो मी.”

मिलिमीटर येऊन आपल्या टेबलाशी बसला. त्याचं टेबल माझ्या शेजारीच. एक बोट खोडायचा, मान तिरकी करून बघायचा, पुन्हा काढायचा.

दुपारी त्याची बायको आली. ती घरी शिवणकाम करते. पूर्वी चार-दोनदा आली होती, तेव्हा उजवा हात कायम पिशवीमागे असायचा. सवय असेल, असं मला वाटायचं.

“गिऱ्हाईक बाई मला ते चित्र दाखवून हसत होती,” ती आल्या आल्या म्हणाली. “हसता हसता तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. माप न देताच गेली.” आवाज चढला नव्हता, पण पिशवी तिने हातापुढे आणखी ओढून धरली. “शाळेपासून झाकत आलेय मी हा हात. लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसू दिला नाही. आणि तुम्ही तो गावभर लावलात?”

“मुद्दाम नाही गं.”

“मग काय? इतकी वर्षं संसार केलात, तुम्हाला दिसलं नाही?”

“हात काढा म्हणाले, मी हात काढला. तू चहा देतेस, सुई ओवतेस, तो हात. दुसरा डोळ्यांसमोर येतच नाही माझ्या. मोजायचं सुचलंच नाही.”

मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण मी मेली तिथेच खिळून बसले.

तिने पिशवी खाली ठेवली. उजवा हात कागदावर, चित्राशेजारी उघडा ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

“अंगठा जाड काढलाय,” ती म्हणाली.

“आहेच तो जाड.”

ती हसली, मग तिने डोळे पुसले. “खोडायचं असेल तर खोडा. पण नवा काढाल तो दुसऱ्या कोणाचा तरी बघून काढा. माझ्या हाताचं बोट कमी करू नका.”

पिशवी खांद्याला लावून ती रांगेच्या अंगावरूनच बाहेर गेली. दोन्ही हात मोकळे होते.

थोड्या वेळाने मिलिमीटर माझ्याकडे वळला. “बाई, जरा तुमचा हात देता?”

तळहात वर करून मी त्याच्यासमोर बसले. त्याने बोटं दोनदा मोजून घेतली.

नवं चिन्ह आता टाक्यांवर, टँकरांवर, बिलांवर आहे. बोटं बरोबर पाच. कोणी ढुंकून बघत नाही. माझ्या खिडकीवर पुन्हा पाणी न येण्याच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत.

परवा ह्यांच्याबरोबर बाजारातून येताना मी मुद्दाम टाकीखाली थांबले.

“वर बघा ना. तो हात कोणाचा वाटतो?”

ह्यांनी मान वर केली, चष्मा सारखा केला, नीट बघितलं.

“कोणाचा म्हणजे? खात्याचा,” हे म्हणाले, आणि भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन स्कूटरची किल्ली शोधायला लागले.