सरकीवर बसलेली मोटार

आमच्या ह्यांना बैलगाडीतलं सगळं कळतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. ज्याला एका गोष्टीतलं सगळं कळतं, तो दुसरी गोष्टही तशीच असणार असं धरून चालतो, आणि निस्तरायला बायको असतेच.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ह्यांनी खामगावच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली आणि उंद्रीच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. त्याच साली मोताळ्याला माझ्या भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. पहिली हळद लावायचा मान आत्याचा. पण मी आत्या असून तो मला एकदाही मिळाला नव्हता, कारण बैलगाडीनं आम्ही पोचायचो तेव्हा हळद लागून, अंघोळी होऊन, पंगत बसलेली असायची. माझी भावजय रुक्मिणीबाई दारातूनच म्हणायची, "या ननंदबाई. बैलं थकले असतीन, बांधा पहिले." पाणी मागाहून विचारायची. त्या वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. या वेळी मी निरोप धाडला होता, मोटारीनं येते, पहिली हळद मीच लावणार.

निघायच्या आदल्या दुपारी रहेमतुल्ला आला. तो कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवायचा. त्यानं टायरांवर हात फिरवला.

"हिंमतराव, पुढचे टायर पार गुळगुळीत झाले. राजूरच्या घाटात घसरान. मागचे चांगले हायेत, ते पुढं घ्या आन् पुढचे मागं टाका. स्टेपनी हाये, एकेक चाक बदला."

"मी तीस वर्षं गाडीचे चाकं काढून राह्यलो," हे म्हणाले. "मले काय सांगतं बे? जाय तू."

तो हसला आणि गेला. त्याला ट्रक भरायचा होता.

बैलगाडीला वंगण द्यायचं तर आधी गाडी उचलून टेकू देतात. मग खीळ काढली की चाक हातात येतं. ह्यांनीही आधी जॅक लावून मोटार उचलली आणि मग नटाला पाना लावला. नट जागचा हलेना, त्याच्याबरोबर चाकच फिरायला लागलं. शेजारचे कडूबा चाकाला मिठी मारून बसले, तर तेही चाकाबरोबर कलंडले. शेवटी मी ओट्यावरून ओरडले, "अवो, चाक खाली टेकवा आन् मंग नट सैल करा! जमिनीवर कसं फिरन ते?"

"तेच करून राह्यलो ना," हे म्हणाले, आणि मग तेच केलं.

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण बैलगाडीची दोन्ही चाकं एकदमच काढतात, म्हणून ह्यांनी मोटारीची चारही काढली. जॅक एकच. टेकूला बैलांसाठी आणलेली सरकीची पोती चारी कोपऱ्यांखाली सारली. अंगण उताराचं, मोटार घसरू नये म्हणून पुढच्या बंपरला दावं बांधून खुंट्याला अडकवली. एवढं होईस्तोवर दिवस कलला आणि बैल घरी आले.

सरकी कुठंही ठेवा, बैलाला सापडते. आमच्या पाखऱ्यानं सरळ जाऊन एका पोत्यात शिंग खुपसलं. सरकी भळाभळा सांडली, तो कोपरा खाली गेला, आणि त्या धक्क्यानं बाकीची पोतीही दबली. मोटार पोटावर बसली. आता खाली जॅकच जाईना.

"बैलगाडी जुपतो मंग," हे हळूच म्हणाले.

मला खरंच रडू आलं. मी रागावले असते तर बरं झालं असतं, ह्यांनाही ते सवयीचं. पण मी म्हणाले, "पह्यली हळद लावीन म्हणून सांगून बसले मी. आता काय तोंड घेऊन जाऊ?"

हे गोठ्यात गेले. मला वाटलं, जू आणायला गेले. आले ते कुदळ घेऊन. मोटारीशेजारी पालथं पडून त्यांनी जॅकपुरता खड्डा खणला. जॅक मातीत रुतायला लागला तेव्हा माझा पाटा त्याच्याखाली घातला. एक कोपरा अंधार पडायच्या आत झाला, उरलेले झुंजूमुंजू होताना. या वेळी एकेक चाक बसवलं.

घाटात मोटार एकदाही घसरली नाही. मोताळ्याला पोचलो तेव्हा हळद अजून वाटीतच होती. सगळा मांडव बाहेर धावला. रुक्मिणीबाई दारात उभी राहून एकदा मोटारीकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. वीस वर्षं मी त्या चेहऱ्याची वाट पाहिली होती.

हे उतरले. तेव्हा माझं लक्ष गेलं. बैल सोडताना आपण खुंट्यापासून सोडतो, दावं गळ्यातच राहू देतो. ह्यांनी मोटारही तशीच सोडली होती, दावं बंपरला गुंडाळून. आता तितक्याच सवयीनं ते उलगडून, दर खेपेला बैल बांधायच्या त्याच खुंट्याला त्यांनी सगळ्यांदेखत मोटार बांधायला घेतली.

मांडवात हशा पिकला. रुक्मिणीबाईच्या जिवात जीव आला. "बांधा भाऊजी, बांधा. खुटा तुमचाच हाये."

ह्यांचा हात गाठीवरच थांबला. नखांत अजून खड्ड्याची माती होती.

"दोन गाठी मारा," मी मोठ्यानं म्हणाले. "जनावर नवं हाये." आणि आत जाऊन वाटीत बोटं बुडवली.