पाठीपेक्षा रुंद झाड

माझे बाबा डेल्मर शिकारीत दोनच नियम पाळत. रानातल्या नर टर्की पक्ष्याला हाक देऊन बोलवायचं तर त्याच्या वरच्या अंगाला बसायचं, कारण तो हाकेला चढून येतो, सहसा उतरत नाही. आणि टेकायला झाड आपल्या पाठीपेक्षा रुंद घ्यायचं, म्हणजे मागून एखाद्या मूर्खानं बंदूक झाडली तर ते झाडावर निभावतं. केंटकीच्या या डोंगरात नियम मोडल्याबद्दल मी लहानपणी पुष्कळ बोलणी खाल्लीत.

या एप्रिलात बाबा अर्ध्या चढावरच थांबले. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं गिळलेली धूळ त्यांच्या छातीत शिट्टीसारखी वाजत होती. वर, पार माथ्यावर, नर ओरडला.

"इथंच बसू," मी म्हणाले. "येईल तो खाली."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच."

"मग मी गाढव होतो," म्हणत ते समोरच्याच एका झाडाला टेकून बसले.

माझं डोकं सटकलं. "बाबा, हे झाड माझ्या पाठीलाही पुरायचं नाही. निदान त्या मागच्या ओकला तरी टेका."

"मागं जाऊन बघ आधी. मग बोल."

मी रागारागानं झाडामागं गेले. तिथून बाबांचा एक खांदासुद्धा दिसत नव्हता.

मी पुढं येऊन त्यांच्या शेजारी बसले, टर्कीसारखी हाक काढणारी, घासून वाजवायची लाकडी डबी काढली आणि न येणाऱ्या टर्कीला बोलवत राहिले.